तुमचे प्रश्न : हा फोटो खरा की कॉम्प्युटरनं काढलेला?

मागच्या अंकात या पानावर मी लिहिलं होतं की छोटे छोटे आरसे लांब लांब ठेवून त्यांच्याकडून एका भल्यामोठ्या आरशाचं काम करून घेता येतं, आणि अवकाशातल्या दुर्बिणींसाठी शास्त्रज्ञ हाच मार्ग धरून बसलेत. एवढंच, दीड पान. त्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज आलेत की संपादक म्हणाले, दोन पानं जास्त घ्या पण हा विषय एकदाचा संपवा. तर घेतो. सगळ्यांची नावं टाळलीत, गाव तेवढं दिलंय.

कागलहून एक निवृत्त शिक्षक : आरशांच्या मधे मोकळी जागा असते असं तुम्हीच लिहिलंय. मग त्या जागेत पडणारा प्रकाश वाया गेला, म्हणजे फोटोचा तेवढा भाग गाळला, आणि तो कॉम्प्युटरनं आपल्या मनानं भरला. याला फोटो कसं म्हणायचं? चित्रच की हे!

सर, प्रश्न मुद्द्याचा आहे पण त्यात एक गल्लत आहे आणि ती जवळजवळ सगळ्यांचीच होते, माझीही व्हायची. आरशात भोक म्हणजे फोटोत भोक नव्हे. घरी बायनॉक्युलर असेल तर गच्चीवर जा, पुढच्या भिंगावर दोन बोटं आडवी धरा आणि जोतिबाच्या डोंगराकडे बघा. डोंगराचा तुकडा गायब होणार नाही, आख्खा डोंगर दिसेल, फक्त जरा अंधुक. कारण भिंगाच्या प्रत्येक कोपऱ्यावर आख्ख्या डोंगराचा प्रकाश येऊन पडत असतो.

मग मोकळ्या जागेमुळं हरवतं काय? तर पट्टे. म्हणजे असं बघा, कुठलंही चित्र घ्या, ते पट्ट्यापट्ट्यांच्या चादरी एकावर एक टाकून तयार करता येतं, काही चादरींचे पट्टे हातभर रुंद, काहींचे सुतासारखे बारीक, काही उभे, काही आडवे, काही तिरके. रुंद पट्ट्यांतून चित्राचा ढोबळ आकार येतो, बारीक पट्ट्यांतून नाकडोळे. फूरिए नावाच्या फ्रेंच गणितज्ञानं दोनशे वर्षांपूर्वी याच्यामागचं गणित मांडून ठेवलंय. आता कुठलेही दोन आरसे घेतले की ती जोडी आकाशाच्या चित्रातली एकच चादर मोजते. आरसे जवळ असले तर रुंद पट्ट्यांची, लांब असले तर बारीक पट्ट्यांची, आणि ज्या दिशेनं ते एकमेकांपासून लांब आहेत त्यावर पट्ट्यांची दिशा ठरते. प्रत्येक जोडीकडून दोनच गोष्टी कळतात, पट्टे किती ठळक आहेत आणि ते किती सरकलेत.

तर सर, आरशांमधली काही अंतरं कुठल्याच जोडीला मिळाली नाहीत तर त्या चादरी मोजायच्याच राहून जातात. चित्राचा कोपरा जात नाही, सगळ्या चित्रभर थोडं थोडं काहीतरी जातं. आणि हो, त्या राहिलेल्या चादरी कॉम्प्युटर भरतो, हे तुमचं खरं. तुमचा ‘मनानं’ हा शब्द मात्र मी बाजूला काढून ठेवलाय, त्याच्याकडे परत येतो.

शाहूपुरीतली बारावीची विद्यार्थिनी : एवढी भानगड करण्यापेक्षा एकच मोठा आरसा का पाठवत नाहीत?

रॉकेटच्या टोपीत मावत नाही म्हणून गं. जेम्स वेब ही अवकाश दुर्बीण २०२१ च्या डिसेंबरात ज्या एरियान ५ रॉकेटनं गेली त्याचं नाक होतं ५.४ मीटरचं आणि वेबचा आरसा ६.५ मीटरचा, म्हणून तर तो १८ षटकोनांचा करून टेबलाच्या पानांसारखा दुमडून न्यावा लागला. तुझ्या पुस्तकात विवर्तनाच्या धड्यात ते १.२२ वालं सूत्र आहे बघ, तरंगलांबी भागिले व्यास. हबलचा आरसा २.४ मीटर, हिरव्या प्रकाशाला साधारण ०.०६ आर्कसेकंद येतं (एका अंशाचे ३६०० भाग केले की एक आर्कसेकंद), स्वतः काढून बघ. याच्या दहापट बारीक बघायचं तर २४ मीटरचा आरसा पाहिजे. पण तो सगळा भरीव नसला तरी चालतो, २४ मीटरवरची दोन टोकं असली तरी बारीक पट्टे मिळतात, हीच तर गंमत आहे.

फुकट मात्र काही मिळत नाही. एकेक मीटरचे सहा आरसे ६.५ मीटरच्या वर्तुळात पसरलेस तर क्षेत्रफळ येतं ४.७ चौरस मीटर, आणि आख्ख्या वर्तुळाचं ३३. म्हणजे प्रकाश सातवा हिस्सा. त्यात आणि पट्टे फिके पडतात, त्यामुळं सातपट वेळ फोटो घेऊनही भागत नाही, त्याच्या कितीतरी जास्त वेळ शटर उघडं ठेवावं लागतं.

उद्यमनगरातले एक कारखानदार : आम्ही सीएनसीवर दहा मायक्रॉनमध्ये जॉब देतो आणि गिऱ्हाईक तरी कुरकुर करतंय. ह्या आरशांना किती मापात बसवायला लागतं?

साहेब, हे वाचून तुमचं गिऱ्हाईक तुम्हाला देवमाणूस वाटेल. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण अर्धा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). दोन आरशांकडून येणारा प्रकाश एकत्र आणताना त्यांच्या वाटेतला फरक या अर्ध्या मायक्रॉनच्याही दहाव्या-विसाव्या भागात ठेवावा लागतो, म्हणजे ०.०३ ते ०.०५ मायक्रॉन. तुमच्या दहा मायक्रॉनमध्ये अठरा-वीस लाटा मावतात. आणि हे वर्कशॉपच्या फरशीवर नाही, एका अंगाला ऊन आणि दुसऱ्या अंगाला मरणाची थंडी असताना.

तुमच्या धंद्यातलीच एक गोष्ट सांगतो. हबल १९९० च्या एप्रिलमध्ये वर गेली आणि फोटो आले ते धुरकट. आरसा पॉलिश करताना काही कमी केलं नव्हतं, पॉलिश एक नंबर होतं. चुकलं होतं ते गेज. आरशाचा आकार तपासायचं जे उपकरण होतं त्यातलं एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसलं होतं, मग त्या गेजप्रमाणे आरसा अगदी तंतोतंत चुकीचा घासला गेला आणि त्याची कड २ मायक्रॉनहून थोडी जास्त सपाट झाली. एवढ्यासाठी १९९३ च्या डिसेंबरात माणसं वर पाठवून दुरुस्ती करायला लागली. गेज चुकलं तर चांगला कारागीर चूकही सुबक करतो, हे तुम्हाला मी काय सांगायचं.

वेबनं यातून शहाणपण घेतलं. तिचे आरसे वर गेल्यावर हलवता येतात, सगळ्या मिळून १३२ छोट्या मोटरा आहेत आणि त्यांची सगळ्यात बारीक चाल केसाच्या जाडीच्या दहा हजाराव्या भागाएवढी. २०२२ च्या फेब्रुवारीत सप्तर्षीतला एचडी ८४४०६ हा तारा बघितला तेव्हा एका ताऱ्याचे १८ ठिपके आले, वेडेवाकडे विखुरलेले. प्रत्येक ठिपका एका आरशाचा. मग एकेक आरसा हलवायचा आणि कुठला ठिपका हलला ते बघायचं, असं करत ओळखपरेड झाली.

पण खरी कला त्याच्या पुढं आहे. १८ ठिपके एकावर एक आणले तरी आरसे एका पातळीत आहेत का हे कसं कळणार, वर कोण पट्टी लावायला जाणार? तर फोटो मुद्दाम आउट ऑफ फोकस काढतात. फोकस बिघडलेल्या त्या डागाच्या आकारात आरशाचे उंचसखल भाग लपलेले असतात. कॉम्प्युटर आधी एक अंदाज धरतो की आरसा असा असेल, मग त्या आरशानं डाग कसा पडला असता ते काढतो, खऱ्या डागाशी ताडून बघतो, फरक दुरुस्त करून परत आरशाकडे येतो, परत डागाकडे जातो, अशा शेकडो फेऱ्या. तुम्ही ट्रायल कट घेता, माप घेता, परत कट घेता, अगदी तसंच, फक्त इथं लोखंडाचा कीस पडत नाही. ही पद्धत गेर्चबर्ग आणि सॅक्स्टन या दोघांनी १९७२ मध्ये मांडली, मूळ मायक्रोस्कोपच्या कामासाठी.

महाद्वार रोडवरचे एक वाचक : कॉम्प्युटर भरतो, भरतो म्हणता, पण म्हणजे नेमकं करतो काय? गणित न घालता सांगा.

बरं. तुमच्या रस्त्यावरचंच उदाहरण घेतो. विसर्जनाची रात्र, पाच मंडळांच्या डॉल्बी, आणि रस्ता अरुंद असल्यामुळं प्रत्येक आवाज इमारतींवर आपटून तीन-चारदा घुमतोय. तुम्ही माडीवरून मोबाईलवर रेकॉर्डिंग केलंय आणि सकाळी तुम्हाला शोधायचंय की खरोखर कुठली कुठली मंडळं होती. ऐकताना वाटतंय पंधरा होती. पण रस्त्याचा घुमारा कसा असतो हे तुम्हाला पाठ आहे, कारण दुपारी रस्ता मोकळा असताना तुम्ही एकच फटाका वाजवून तो रेकॉर्ड करून ठेवला होता.

मग करायचं काय, रेकॉर्डिंगमधला सगळ्यात मोठा आवाज शोधायचा आणि तो त्याच्या घुमाऱ्यासकट थोडासा वजा करायचा, समजा दहावा हिस्सा. वहीत टिपायचं, अमुक ठिकाणी इतका आवाज होता. आता उरलेल्यात सगळ्यात मोठा शोधायचा, परत घुमाऱ्यासकट वजा. असं हजारदा. शेवटी नुसती खरखर उरते, आणि वहीत बघितलं तर पाचच मंडळं.

ताऱ्यांच्या बाबतीत फटाका म्हणजे एकटा ठिपक्यासारखा तारा. अर्धवट पट्ट्यांनी काढला की तो ठिपका न दिसता ठिपका अधिक त्याच्याभोवती कडी, फराटे असला सगळा पसारा दिसतो, आणि हा पसारा कसा असेल ते आरशांच्या जागांवरून आधीच काढता येतं. यान हॉगबोम यांनी १९७४ मध्ये ही वजाबाकीची पद्धत दिली, नाव ठेवलं क्लीन. आजही रेडिओ दुर्बिणींचा अर्धा संसार तिच्यावर चाललाय. आपल्या नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी घ्या, ४५ मीटरच्या ३० अँटेना, सगळ्यात लांबचं अंतर २५ किलोमीटर. ३० अँटेनांच्या जोड्या होतात ४३५, वर पृथ्वी फिरते म्हणून तासातासाला प्रत्येक जोडीची आकाशाकडून दिसणारी दिशा बदलत जाते आणि नवनव्या चादरी मोजल्या जातात. पृथ्वीचं फिरणं असं कामाला लावल्याबद्दल मार्टिन राईल यांना १९७४ चं नोबेल मिळालं.

आता कागलच्या सरांचा ‘मनानं’ आठवा. क्लीन पद्धत एक गोष्ट गृहीत धरते, आकाश बहुतेक काळं आहे आणि त्यात मोजके ठिपके आहेत. ताऱ्यांना हे झकास लागू पडतं. पण पसरलेला धुरासारखा मेघ असला तर हीच पद्धत त्याचे ठिपके ठिपके करून ठेवते, भाकरीचा चुरा केल्यासारखे. तिथं मग दुसरी पद्धत वापरतात, जी म्हणते की मोजमापांशी जुळणाऱ्या सगळ्या चित्रांतलं सगळ्यात साधं, गुळगुळीत चित्र द्या. म्हणजे भरताना काहीतरी धरावंच लागतं, पण ते मनात नसतं, कागदावर लिहिलेलं असतं, आणि दुसऱ्याला ते बदलून बघता येतं.

राजारामपुरीतले फोटो स्टुडिओवाले : लोक सीसीटीव्हीतला धुरकट चेहरा घेऊन येतात, साफ करून द्या म्हणतात. हबलचे फोटो म्हणे साफ केले होते. मग आम्हाला का जमत नाही?

कारण हबलचा धुरकटपणा नेमका माहीत होता आणि तुमच्या गिऱ्हाईकाचा नाही. १९९० ते ९३ मध्ये हबलच्या आरशाचा दोष इतका तंतोतंत मोजला गेला होता की एका ताऱ्याचा प्रकाश किती आणि कसा पसरतो ते काढता येत होतं. मधल्या ठिपक्यात सत्तर टक्के प्रकाश यायला हवा होता, येत होता पंधराच्या आसपास, बाकी सगळा भोवती फाकलेला. हे माहीत असलं की उलटं गणित करता येतं, रिचर्डसन आणि ल्युसी यांनी सत्तरच्या दशकात शोधलेली पद्धत तेव्हा खगोलवाल्यांत एकदम घरोघरी झाली. तेजस्वी गोष्टी छान सुधारल्या. मिणमिणत्या गोष्टी नाही सुधारल्या, कारण पसरलेला प्रकाश गोळा करताना त्याच्याबरोबर खरखरही गोळा होते.

तुमच्याकडं जुना ॲम्प्लिफायर असेल तर ट्रेबल पूर्ण वर करून कॅसेट लावा. बासरी जरा स्पष्ट होते आणि टेपचा ‘सूंऽऽ’ आवाज त्याच्या दुप्पट होतो. विखुरलेल्या आरशांच्या दुर्बिणीत मधल्या जाडीचे पट्टे असेच फिके येतात, त्यांना वर उचलावं लागतं, पण सरसकट उचललं की चित्रात रवा सांडल्यासारखं दिसतं. म्हणून नॉर्बर्ट वीनर यांचा फिल्टर वापरतात. त्याचं तत्त्व आमच्या आजीसारखं आहे, ज्याच्या बोलण्यात तथ्य जास्त त्याचं जास्त ऐकायचं, ज्याच्यात बडबड जास्त त्याला गप्प बसवायचं. ज्या पट्ट्यात खरा संकेत खरखरीपेक्षा मोठा तो उचलायचा, जो खरखरीतच बुडालाय तो सोडून द्यायचा. आणि जो पट्टा मोजलाच नाही, शून्य आहे, त्याला कितीनंही गुणा, शून्यच. तुमच्या सीसीटीव्हीतल्या चेहऱ्याचं तेच झालंय. मोबाईलवरची ॲप्स तिथं सरळ दुसऱ्याच कुणाचातरी चेहरा चिकटवून देतात, पोलीस स्टेशनला देताना जरा जपून.

शिरोळ तालुक्यातले शेतकरी : २०१९ च्या पुरात ढग असतानाही उपग्रहानं पाणी दिसत होतं म्हणे. ते हेच का?

चुलत भाऊ म्हणा. तो रडार उपग्रह. तो स्वतःच रेडिओ लहरी सोडतो, त्या ढगातून आरपार जातात, परत आलेला प्रतिध्वनी टिपतो आणि उडता उडता वेगवेगळ्या जागांवरून टिपलेलं सगळं जोडून एक लांबलचक अँटेना असल्यासारखं चित्र काढतो. शांत पाण्यावरून लहरी दुसरीकडेच निसटतात म्हणून पाणी काळं दिसतं. इस्रो आणि नासाचा निसार उपग्रह जुलै २०२५ मध्ये श्रीहरिकोट्यातून गेला, तो याच जातीचा, १२ मीटरची जाळीदार छत्री आहे त्याला. फरक एवढाच की तारा काही आपल्या वेळेनं लहरी सोडत नाही, त्याचा प्रकाश सगळ्या आरशांवर एकाच वेळी पकडून जागेवरच एकत्र आणावा लागतो.

विद्यापीठाच्या हॉस्टेलवरून एक विद्यार्थी : सर ब्लॅक होलचा तो केशरी मेदूवडा एआयनं काढलाय असं रील फिरतंय. खरं काय?

भावा, रील बनवणाऱ्याचा नाद खुळा, पण बघू. १० एप्रिल २०१९ ला एम ८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराचा जो फोटो आला तो हवाईपासून दक्षिण ध्रुवापर्यंत सहा ठिकाणी पसरलेल्या आठ दुर्बिणींच्या जाळ्याचा, पण दक्षिण ध्रुवावरून एम ८७ दिसतच नाही, म्हणून या फोटोसाठी कामाला आल्या त्या बाकीच्या सात. तरंगलांबी १.३ मिलिमीटर. डेटा इतका की इंटरनेटवरून पाठवणं शक्यच नाही, हार्ड डिस्कची खोकी विमानानं न्यायला लागली, आणि दक्षिण ध्रुवावरची खोकी तिथला हिवाळा संपेपर्यंत अडकून पडली. सात दुर्बिणी म्हणजे जोड्या २१, त्यातही एकाच ठिकाणच्या दोघींची जोडी या कामाला जवळजवळ निरुपयोगी. म्हणजे चादरी अगदी मोजक्या, मधे भगदाडं. तेव्हा इथं भरणं होतंच, आणि भरपूर होतं.

म्हणून त्यांनी काय केलं बघ, मला या सगळ्या प्रकरणात हाच भाग सगळ्यात जास्त आवडतो. चार टीम केल्या आणि एकमेकांशी बोलायचं नाही अशी अट घातली. काहींनी क्लीन वापरली, काहींनी दुसऱ्या पद्धती. चौघांनी चित्रं उघडली तर चौघांकडंही कडं, खालची बाजू जास्त उजळ. त्यावरही थांबले नाहीत. कॉम्प्युटरमध्ये खोटी आकाशं तयार केली, एकात कडं, एकात भरीव थाळी, एकात नुसते दोन ठिपके, आणि त्यांचा खोटा डेटा त्याच पद्धतीत घातला. भरीव थाळी घालून कडं बाहेर आलं असतं तर पद्धतच फेकून दिली असती. थाळीची थाळीच आली.

तरी सगळे गप्प बसले असं समजू नकोस. २०२२ मध्ये जपानच्या काही खगोलशास्त्रज्ञांनी तोच डेटा घेऊन म्हटलं की कडं हे विरळ चादरींमुळं पडलेलं भूत आहे, मूळ टीमनं त्यांच्या पद्धतीतल्या चुका दाखवल्या. दोघांकडंही तोच डेटा होता आणि भांडण झालं ते भरायच्या नियमांवर, म्हणजे ते नियम उघडे होते म्हणून भांडता तरी आलं. पुढं २०१८ च्या निरीक्षणांतून, ग्रीनलंडची नवी दुर्बीण धरून, २०२४ मध्ये दुसरं चित्र आलं. कडं तेवढंच, उजळ भाग मात्र सुमारे ३० अंशांनी सरकलेला. आणि एआय म्हणशील तर २०२३ मध्ये एका गटानं मशीन लर्निंग वापरून तेच कडं जास्त बारीक करून दाखवलं, पण ते नंतर, आणि ते कृष्णविवराच्या हजारो सिम्युलेशनवर, म्हणजे कॉम्प्युटरनं गणितानं काढलेल्या नकली चित्रांवर, शिकवलेलं होतं. म्हणजे त्यानं धरलं की तिथं कृष्णविवरच आहे. मला स्वतःला पहिलं, जाडं कडं जास्त पटतं, कारण त्यानं कमी धरलेलं आहे. केशरी रंग मात्र शंभर टक्के हौसेचा, रेडिओ लहरींना कुठला आलाय रंग.

इचलकरंजीहून : आरसे वेगवेगळ्या यानांवर ठेवले तर ती यानं हलणारच. मग पट्टे किती सरकलेत ते खरं कसं मानायचं?

आधी एक सांगतो, दृश्य प्रकाशासाठी वेगवेगळ्या यानांवर आरसे ठेवलेली चित्र काढणारी दुर्बीण अजून अवकाशात गेलेली नाही. नासानं आणि युरोपनं आखलेल्या अशा मोठ्या योजना पैशापायी आणि अवघडपणापायी गुंडाळल्या गेल्या. रेडिओत मात्र झालंय, जपानचा हाल्का उपग्रह १९९७ मध्ये आणि रशियाचा रेडिओॲस्ट्रॉन २०११ मध्ये, तो तर पृथ्वीपासून साडेतीन लाख किलोमीटरपर्यंत लांब जायचा.

आता तुमचा प्रश्न. समजा एसटी कोल्हापूरहून इचलकरंजी, तिथून जयसिंगपूर आणि परत कोल्हापूर अशी फिरते. खरा वेळ समजा ५०, ३० आणि ७० मिनिटं, एकूण १५०. पण तिन्ही स्टँडवरची घड्याळं बिघडलेली, कोल्हापूरचं ३ मिनिटं पुढं, इचलकरंजीचं ७ पुढं, जयसिंगपूरचं ४ मागं. सुटताना तिथलं घड्याळ बघायचं, पोचल्यावर तिथलं. पहिला टप्पा येतो ५४ मिनिटं, दुसरा १९, तिसरा ७७. तिन्ही चूक. बेरीज करा, १५०. प्रत्येक घड्याळाची चूक एकदा मिळवली जाते आणि एकदा वजा होते, म्हणून त्रिकोण पूर्ण केला की चुका आपसात फिटतात. रॉजर जेनिसन यांनी १९५८ मध्ये हे रेडिओ दुर्बिणींसाठी दाखवलं. प्रत्येक आरशाची चूक माहीत नसली तरी तीन आरशांची बेरीज खरी राहते आणि चित्र त्या बेरजांना जुळवून घेतात.

वेब दुर्बिणीत याची छोटी आवृत्ती आहे, एका कॅमेऱ्यासमोर सात भोकांचा मुखवटा. सात भोकांच्या २१ जोड्या, ३५ त्रिकोण, त्यातले १५ स्वतंत्र. त्या कॅमेऱ्याचंही पुढं दुखणं निघालं, तेजस्वी ठिपक्यातले इलेक्ट्रॉन शेजारच्या पिक्सेलमध्ये सांडत होते. पण हबलसारखं कुणाला वर जावं लागलं नाही, सिडनी विद्यापीठातल्या गटानं खाली बसून सॉफ्टवेअरनं ते सावरलं.

गडहिंग्लजहून एक हौशी आकाशनिरीक्षक : माझ्याकडं सहा इंची डॉब्सोनियन (साध्या बैठकीवरची आरशाची) दुर्बीण आहे. यातलं काही डोळ्यानं बघता येईल का?

येईल, आणि मी बघितलंय, आधी चुकीचं आणि मग बरोबर. दोन वर्षांपूर्वी दुर्बिणीच्या तोंडावर बसेल असा ॲल्युमिनियमचा पत्रा कापून घेतला, ड्रॉइंग माझंच. चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार भोकं, दिसायला कसं सुबक. पन्हाळ्यावर जाऊन व्याधाच्या ताऱ्यावर लावला तर नुसता उकळता डाग, आत्ता जाळी दिसतेय म्हणेपर्यंत विस्कटायची. तासभर फोकसच फिरवत बसलो. थंडीत हात गार, थर्मासमधला चहा संपला, आणि मग डोक्यात उजेड पडला की चौकोनाच्या समोरासमोरच्या बाजू सारख्याच! दोन जोड्या एकच चादर मोजत होत्या, हवेनं दोघींचे पट्टे वेगवेगळे सरकवले की ते एकमेकांना पुसून टाकत होते. म्हणूनच मोठे लोक भोकं अशी ठेवतात की कुठलंही अंतर दोनदा येत नाही. एका पट्टीवर ०, १, ४ आणि ६ एवढ्याच खुणा करा, १ पासून ६ पर्यंतचं प्रत्येक अंतर मिळतं आणि एकही दोनदा येत नाही.

तुम्ही तीनच भोकं करा, २० मिलिमीटरची, एकमेकांपासून १०० मिलिमीटरवर, समभुज त्रिकोणात. जाड पुठ्ठाही चालेल, दवात मऊ पडतो म्हणून आतून टेप लावा. दोनशेपट मोठं करणारी आयपीस (डोळ्याकडचं भिंग) लावा आणि एक भोक चिकटपट्टीनं बंद करून व्याध बघा. गोल फुगलेला ठिपका दिसेल आणि त्याच्यावर दहाबारा बारीक काळे पट्टे, थरथरत इकडून तिकडं सरकणारे. हीच ती एक चादर. मग तोच मुखवटा ठेवून दुर्बीण गुरूवर न्या, पट्टे गायब, कारण गुरू पट्ट्यांच्या अंतराच्या कितीतरी पट मोठा आहे. पट्टे नेमके कुठल्या अंतराला गायब होतात ते बघून मायकेलसन यांनी १८९१ मध्ये गुरूच्या चंद्रांचे व्यास काढले आणि १९२० मध्ये मृगातल्या लालसर काक्षीचा, तिथं आरसे तीन मीटरवर नेल्यावर पट्टे विरले.

आता चिकटपट्टी काढा. तीन भोकांतून परत व्याध. पोळ्यासारखी बारीक ठिपक्यांची जाळी दिसेल, हवा हलली की ती आख्खी सरकते, डावीकडं, उजवीकडं, वर, पण जाळीतल्या ठिपक्यांची मांडणी बदलत नाही. वरची ती एसटीची बेरीज, इथं डोळ्यासमोर नाचताना दिसते. माझा चौकोनी पत्रा अजून माळ्यावर आहे, हवा असला तर घेऊन जा, एक भोक बुजवलं की तोही चालतो.